नव्या कर्नलची हौस

२०२४ च्या दिवाळीआधीची गोष्ट. महालातल्या आमच्या जुन्या वाड्याची साफसफाई चालली होती आणि मला मात्र संगणक ‘अद्ययावत’ करण्याची लहर आली! त्यावर उबुंटू २४.०४, तिचा गाभा, म्हणजे लिनक्स कर्नल, ६.८. पडदा अधूनमधून लुकलुके, एवढेच दुखणे. नव्या कर्नलने ते जाते असे कोठेसे वाचले आणि उबुंटूने केवळ चाचणीपुरता ठेवलेला एक नवा कर्नल मी खुशाल उतरवून घेतला.

“हे कर्नल कोण?” सौभाग्यवतींनी विचारले.

“यंत्र आणि कार्यक्रम यांच्यामधले अधिकारी! स्मृती कोणाला किती द्यायची, फाइल कोठे लिहायची, सारे त्यांच्या हुकमाने.”

संगणक पुन्हा सुरू केला. पडदा काळा ठिक्कर! आत वडिलांच्या मोडी दफ्तराचे सहा वर्षे खपून केलेले देवनागरी लिप्यंतर; दुसरी प्रत नाही. माझे हातपाय गळाले.

कन्या अभियांत्रिकीला आहे. तिने सुरुवातीच्या यादीतून जुना ६.८ निवडला आणि पडदा उजळला.

“बाबा, पडद्याचा ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी तयारच झाला नव्हता. पण बरेच झाले! चालला असता, तर तुम्ही तोच ठेवला असता.”

“मग बिघडले कोठे?”

“सुरक्षेच्या दुरुस्त्या उबुंटू आपल्या कर्नलला पाठवते, या चाचणीच्या कर्नलला नाही. उद्या त्यात भोक सापडले, तर ते उघडेच राहणार.”

मग तिने २०२१ ची हकीकत सांगितली. ५.१२ च्या पहिल्या चाचणी-आवृत्तीत असा दोष निघाला, की स्वॅप फाइल वापरणाऱ्या यंत्रांत स्मृतीतला मजकूर डिस्कवर भलत्याच जागी लिहिला जाई आणि चांगल्या फाइली नासत. १९९१ साली लिनक्सला जन्म देणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनीच ती आवृत्ती वापरू नका म्हणून बजावले. तिथे पडदा काळा होऊन कोणाला सावध करीत नव्हता!

त्याच रात्री लिप्यंतराच्या दोन प्रती केल्या आणि पाहुण्या कर्नलसाहेबांना निरोप दिला. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये उबुंटूने स्वतः पारखून ६.११ पाठवला, तेव्हा लुकलुक थांबली. चार महिने कळ काढायची होती, इतकेच.

आमच्या वाड्याचा खांब बदलताना सुतार तुळईला टेकू दिल्यावाचून जुन्या खांबाला हात लावीत नाही. हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे; पण शहाणपण शिकवायला कन्याच लागली!