पूलचं पाणी निळंशार, मग पायाला ओरखडे का?

चेंबूरमध्ये पोहायचं म्हटलं की आधी आठवतो महापालिकेचा जनरल अरुणकुमार वैद्य जलतरण तलाव. पण आता पुनर्विकासातून उभ्या राहिलेल्या कितीतरी टॉवर्समध्येही छोटे-मोठे पूल आहेत. ते सांभाळण्याची जबाबदारी सोसायटीवरच असते. पाणी स्वच्छ दिसतंय, क्लोरीनही पडतंय, तरी तळ खरखरीत होतो आणि मुलांच्या पायांना ओरखडे येतात. असं का होतं?

पाणी प्लास्टर खातं?

हो, अक्षरशः. पूलचं प्लास्टर सिमेंटचं असतं आणि सिमेंटमध्ये कॅल्शियम असतं. पाण्यात कॅल्शियम कमी असेल, तर ते प्लास्टरमधून विरघळवून घेतं. टाइल्स असतील तर त्यांच्या सांध्यांमधलं सिमेंट झिजतं. उलट कॅल्शियम जास्त झालं, तर त्याचे पांढरे थर भिंतींवर आणि पाइपमध्ये साचतात.

मुंबईत हा प्रश्न वेगळा का?

मुंबईला भातसा, तानसा, वैतरणा अशा सात तलावांमधून पाणी येतं. हे मुख्यतः पावसाचं साठवलेलं पाणी, म्हणून मृदू. साबणाला भरपूर फेस येतो तो त्यामुळेच. प्यायला, धुवायला उत्तम, पण प्लास्टरच्या पूलसाठी नाही. बोअरवेलचं पाणी बहुतेकदा जड असतं. बादलीवर पांढरे डाग पडतात ना, तेच. म्हणजे पूल नळाच्या पाण्याने भरला की टँकरच्या, यावर पुढचं सगळं गणित बदलतं.

कोणते आकडे पाहायचे?

• पीएच: ७.२ ते ७.८
• मुक्त क्लोरीन: १ ते ३ पीपीएम
• एकूण क्षारता: ८० ते १२० पीपीएम
• कॅल्शियम कठीणता: २०० ते ४०० पीपीएम

पीएच सगळ्यात महत्त्वाचा. तो ७.५ च्या आसपास असताना साधारण निम्मं क्लोरीन जंतू मारण्याच्या प्रभावी रूपात असतं. ८ वर गेला की जेमतेम पाव भाग उरतो. तेव्हा क्लोरीन ओतत राहून उपयोग नाही, आधी पीएच खाली आणावा लागतो.

हे आकडे आणि पाण्याचं तापमान एकत्र मांडून पाणी प्लास्टर खाईल की थर साचवेल, हे सांगणारं सूत्र अमेरिकेतल्या विल्फ्रेड लँगेलियर यांनी १९३६ मध्ये मांडलं. आज ते मोबाइलवरही काढता येतं. उत्तर शून्याच्या जवळ आलं की पाणी संतुलित. बरंच उणे आलं, तर प्लास्टर झिजतंय.

कॅल्शियम किती घालायचं?

समजा, पूल १५ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल आहे. म्हणजे १ लाख ८ हजार लिटर पाणी. कठीणता १०० पीपीएमने वाढवायला सुमारे १२ किलो निर्जल कॅल्शियम क्लोराइड लागेल. ते एकदम टाकायचं नाही. थोडं थोडं, पंप चालू ठेवून.

नेहमीच्या चुका कोणत्या?

नव्या प्लास्टरमधून चुना सुटतो आणि सुरुवातीचे काही आठवडे पीएच वाढत राहतो. तेव्हा रोज तपासणी हवी. क्लोरीनच्या बऱ्याचशा गोळ्या आम्लधर्मी असतात, त्यांच्या सततच्या वापराने पीएच आणि क्षारता दोन्ही घसरतात. पावसाळ्यात उघड्या पूलमध्ये पावसाचं पाणी मिसळून कॅल्शियम आणखी पातळ होतं. म्हणून मोठ्या पावसानंतर पुन्हा मोजायला हवं.

आणि तो डोळे चुरचुरवणारा उग्र वास? तो ‘क्लोरीन जास्त झाल्याचा’ नसतो. घाम आणि लघवीशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात, हा वास त्यांचा. म्हणून पूलमध्ये उतरण्याआधी अंघोळ.

जिवावर बेतू शकेल अशी चूक

आम्ल आणि क्लोरीन कधीही एकत्र मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. दोन्ही शेजारी-शेजारी ठेवूही नका. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही. हे काम बहुतेक वेळा सोसायटीचा कर्मचारी करतो. त्याच्याकडे हातमोजे आणि चष्मा आहे का, हे पुढच्या मीटिंगमध्ये नक्की विचारा.