जो आधी 'नको' म्हणेल, त्याचं ऐकायचं

"तंबूत राहणार? घरदार नाही का तुम्हाला?"

मिनिआपोलिसहून बडोद्याला फोन करून आमचा बेत सांगितला, तेव्हा आईचा हा पहिला प्रश्न. जुलैतली दहा दिवसांची रजा, जुनी गाडी, मित्राकडून आणलेला तंबू, डबाभर थेपले आणि आईनेच दिलेली लिंबाच्या लोणच्याची बाटली, एवढ्या तयारीवर आम्ही दोघं निघालो. आधी मैदानं पार करायची, मग डोंगर चढून यलोस्टोन गाठायचं.

पहिला दिवस नुसता रस्त्याचा, आठशेहून जास्त किलोमीटर. मिनेसोटात दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन. साउथ डकोटात मिसुरी नदी ओलांडली आणि हळूहळू शेतं मागे पडून गवताळ माळ सुरू झाला. पश्चिमेकडे पाऊस कमी होत जातो, त्यामुळे पिकांपेक्षा चरणारी गुरंच जास्त दिसतात. पुढे घड्याळही एक तास मागे गेलं. दिवसभर समोर एवढं आकाश होतं की आम्ही दोघंही गप्पच झालो.

संध्याकाळी बॅडलँड्स नॅशनल पार्कात पोचलो. माती, वाळू आणि ज्वालामुखीच्या राखेचे थर पाण्याने कापत जाऊन इथे करवतीच्या दात्यांसारखे कडे तयार झाले आहेत. ही झीज वर्षाला साधारण एक इंच, म्हणजे दगडांच्या मानाने फारच वेगाने चालते. आम्ही सेज क्रीक नावाच्या मोफत कॅम्पग्राउंडवर उतरलो. कच्चा रस्ता, प्यायचं पाणी आपलं आपण न्यायचं, आणि बायसन तंबूंच्या मधूनही फिरतात.

सातच्या सुमाराला पश्चिमेला काळा ढग दिसला. माझ्या मनात आलं, आज इथे नको. पण बोलले नाही. घाबरट कोण म्हणवून घेणार? नवरा खुंट्या ठोकत म्हणाला, "जाईल बाजूने." नंतर कळलं, शंका त्यालाही आली होती. मी गप्प होते म्हणून तोही गप्प राहिला.

अकरा वाजता वारा आला. एक काठी वाकली, तंबूचं कापड तोंडावर आपटायला लागलं, मग गारा. विजा चमकत होत्या आणि त्या उघड्या माळावर उंच म्हणावं असं आमच्या तंबूशिवाय फारसं काही नव्हतं. तंबू विजेपासून अजिबात वाचवत नाही. बंद गाडीत मात्र वीज पत्र्याच्या बाहेरून जमिनीत जाते. तेवढं आठवलं आणि दोघं अनवाणी गाडीकडे पळालो. रात्र बसून काढली. फोनला नेटवर्क नाही, आणि कच्च्या रस्त्याचा चिखल झालेला, त्यामुळे निघायचीही सोय नाही.

पहाटे खिडकीबाहेर एक बायसन शांतपणे चरत होता. मला रडू आलं. "मला काल संध्याकाळीच वाटलं होतं," मी म्हणाले. "मलाही," तो म्हणाला. मग आमचं कडाक्याचं भांडण झालं, आणि त्यातूनच प्रवासाचा नियम ठरला: जो आधी 'नको' म्हणेल, त्याचं ऐकायचं. कारण विचारायचं नाही, नंतर टोमणे मारायचे नाहीत.

रस्ता सुकल्यावर पुढच्या एका गावात मोटेल शोधलं. काउंटरवरच्या काकांनी माझं बोलणं ऐकलं आणि विचारलं, "केम, वडोदराना छो?" अमेरिकेतली कितीतरी मोटेलं गुजराती कुटुंबं चालवतात हे ऐकून होते, पण ओल्या स्लीपिंग बॅगा घेऊन उभं असताना ते ऐकणं वेगळंच. काकूंनी त्या ड्रायरमध्ये टाकल्या आणि गरम खिचडी वाढली. आईला मात्र आम्ही 'थोडा पाऊस झाला' एवढंच सांगितलं.

काठी चिकटपट्टीने बांधून पुढे निघालो. वायोमिंगमधला डेव्हिल्स टॉवर पाहिला. पायथ्यापासून 867 फूट उंच असा हा एकसंध खडक 1906 साली अमेरिकेचं पहिलं राष्ट्रीय स्मारक ठरला. लाकोटा, शायान, कायोवा अशा अनेक आदिवासी समाजांना तो पवित्र आहे, म्हणून गिर्यारोहकांनी जून महिन्यात स्वेच्छेने त्यावर चढू नये अशी विनंती केली जाते. मग बिगहॉर्न पर्वतातला नऊ हजार फुटांवरचा घाट, आणि शेवटी यलोस्टोन: 1872 साली स्थापन झालेलं जगातलं पहिलं नॅशनल पार्क.

इथल्या तळावर प्रत्येक गोष्टीला शिस्त. अन्न, भांडी, साबण, अगदी टूथपेस्टसुद्धा गाडीत किंवा लोखंडी पेटीत बंद ठेवायची, कारण अस्वलाला वासाने सगळं कळतं. माणसाच्या अन्नाची एकदा चटक लागली की ते धीट होतं, पुन्हापुन्हा तळावर येतं, आणि शेवटी बऱ्याचदा त्याला मारावं लागतं. म्हणजे निष्काळजीपणा आपला आणि जीव त्याचा.

रात्री थंडीने कुडकुडत झोपायला गेलो आणि मला आठवलं, लोणच्याची बाटली कपड्यांच्या पिशवीत, म्हणजे तंबूतच! "झाकण घट्ट आहे, सकाळी बघू," असं तो म्हणणार होता बहुतेक. मी म्हणाले, "नको." तो उठला, जाकीट चढवलं आणि बॅटरी घेऊन बाटली पेटीत ठेवून आला.

दोन दिवसांनी पाळी माझी होती. एका तळ्याकडे जाणाऱ्या पायवाटेवर दोन दांडगे बायसन उभे. नियम असा की बायसनपासून किमान 23 मीटर आणि अस्वल-लांडग्यांपासून 91 मीटर दूर राहायचं. बायसन सुस्त दिसतो, पण धावण्यात माणसाला सहज मागे टाकतो. आम्ही लांब होतो, आणि मला वाटत होतं थोडं थांबलो तर वाट मोकळी होईल. नवरा म्हणाला, "नको." मला राग आला, पण वळले. ते तळं पाहायचं राहिलं ते राहिलंच.

तुमच्यापैकी कोणी असा प्रवास ठरवत असेल, तर उन्हाळ्यातही गरम कपडे घ्या, यलोस्टोनमधली तंबूची जागा महिनोन् महिने आधी राखून ठेवा, आणि निघण्यापूर्वी एकमेकांशी हा नियम जरूर ठरवा.

परत आल्यावर आईला वादळाची खरी गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पुढच्या वेळी मलाही 'नको' म्हणायचा हक्क हवा."

तो द्यायचा की नाही, यावर आमची चर्चा अजून चालू आहे.