विंडोज बदलली, लायसन्स कुठे गेलं?

इंदूरच्या खजराना गणेशाला लग्नाची पहिली पत्रिका ठेवण्याची रीत आहे. त्या पत्रिकांची अक्षरजुळणी करणारे डीटीपीवाले, फॉर्म भरून देणारी एमपी ऑनलाइनची केंद्रं आणि टॅलीवर हिशेब लिहिणारे दुकानदार, सगळ्यांपुढे आता एकच काम आहे. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा ११ वर जायचं. मग पैसे मोजून घेतलेल्या लायसन्सचं काय होतं? वाचा या मजेदार आणि कामाच्या गोष्टी.

किल्ली मदरबोर्डवर. २०१२ मध्ये विंडोज ८ आली, तेव्हापासून कंपन्या नव्या संगणकातल्या विंडोजची किल्ली (प्रॉडक्ट की) मदरबोर्डवरच्या चिपमध्ये लिहून देऊ लागल्या. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा, विंडोज नव्याने टाका, किल्ली आपोआप सापडते. मदरबोर्ड बदलला तर मात्र मायक्रोसॉफ्टच्या लेखी तो नवा संगणक. वॉरंटीतली बदली तेवढी अपवाद.

एकाचे दोन होत नाहीत. २९ जुलै २०१५ पासून वर्षभर विंडोज ७ आणि ८.१ वाल्यांना १० फुकट मिळाली. होम प्रीमियमची झाली होम, अल्टिमेटची झाली प्रो. पण जुना हक्क नव्यात विलीन झाला. ‘७ ची किल्ली आता रिकामी आहे, धाकट्याच्या संगणकाला देऊ’, हे चालत नाही.

मागेही जाता येतं! संगणकासोबत विंडोज ११ प्रो आली असेल, तर त्याच लायसन्सवर १० प्रो वापरायची मुभा आहे. होम आवृत्तीला ही सवलत नाही.

आधी सरेंडर, मग फॉरमॅट. हा टॅलीवाल्यांचा मंत्र. जुन्या मशीनवर लायसन्स सरेंडर केलं की ते नव्यावर सुरू करता येतं. टॅलीचं कायमस्वरूपी लायसन्स संपत नाही. नव्या आवृत्त्या मात्र टीएसएस या टॅलीच्या सेवेचं नूतनीकरण चालू असेल तरच मिळतात.

मुदत थांबत नाही. कैलास आणि संजय काटकर या भावांनी पुण्यात उभी केलेली क्विक हील घ्या. अँटीव्हायरसची मुदत पहिल्यांदा सुरू केल्यापासून मोजली जाते. विंडोज बदलली तरी उरलेले दिवस तेवढेच राहतात.

हक्क आहे, पण चालत नाही. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते आणि ६४ बिट विंडोजवर १६ बिटचे जुने प्रोग्रॅम चालत नाहीत. विकत घेतलेली सीडी कपाटात आहे, लायसन्सही वैध आहे, तरी उपयोग शून्य. डोंगल लावून चालणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरचीही हीच अडचण. डोंगलचा ड्रायव्हर नव्या विंडोजसाठी निघालेला नसेल, तर कुलूप उघडत नाही. पत्रिकांची अक्षरजुळणी करणाऱ्यांनी आपल्या फाँटच्या सॉफ्टवेअरबाबत हे आधी विचारून घ्यावं.

कायदा तुमच्याही बाजूचा आहे. सॉफ्टवेअरची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला, ती हरवली किंवा बिघडली तर हाताशी असावी म्हणून, बॅकअप काढायची मुभा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. त्याच कायद्याचं कलम ६३ब मात्र कडक आहे. माहीत असूनही संगणकावर चोरीची प्रत वापरली, तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो.

युरोपात जुनं लायसन्स विकता येतं. ओरॅकल आणि यूज्डसॉफ्ट या कंपन्यांच्या वादात युरोपीय न्यायालयाने ३ जुलै २०१२ ला सांगितलं की, कायमचं विकत घेतलेलं सॉफ्टवेअर डाउनलोड केलेलं असलं तरी पुढे विकता येतं. अट एकच, विकणाऱ्याने स्वतःची प्रत बंद करायची.

किल्लीच नको? सी-डॅकची ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारलेली भारतीय प्रणाली घ्या. पुढच्या आवृत्तीवर जाताना लायसन्सची किल्ली शोधावी लागत नाही.

विंडोज ११ चं बटण दाबण्याआधी सेटिंग्जमधलं ॲक्टिव्हेशनचं पान उघडा आणि तुमचं डिजिटल लायसन्स मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलंय का ते पाहा. मग प्रत्येक सॉफ्टवेअरला एकच प्रश्न विचारा: तुझा हक्क कशाला बांधलाय? मदरबोर्डला, खात्याला, डोंगलला की नुसत्या नंबरला? उत्तर वहीत लिहून ठेवा, बिलं जपा आणि मगच पुढे जा. कष्टाच्या पैशांनी घेतलेली वस्तू दुसऱ्यांदा विकत घ्यायची वेळ कुणावर येऊ नये.