कर्करोग्याच्या अंगाची झीज आणि औषधी अळंबी

नारळ-सुपारीच्या बागाईतदारास गॅनोडर्मा ही बुरशी वैरीण म्हणूनच ठाऊक असते. बुंध्यातून तांबूस-तपकिरी द्रव झिरपू लागतो, मुळे कुजतात, आणि पुढे खोडाच्या तळाशी लाखेचा लेप दिल्यासारखी चकचकीत, टणक छत्री उगवते. तोपर्यंत झाड बहुधा हातचे गेलेले असते. तंजावर जिल्ह्यात १९५२ सालच्या वादळानंतर या रोगाने बागांची मोठी हानी केली, म्हणून त्यास ‘तंजावर मर’ असेही नाव पडले. याच कुलातील एक अळंबी चीनमध्ये ‘लिंगझी’ व जपानमध्ये ‘रेशी’ या नावाने शतकानुशतके बलवर्धक मानली गेली आहे. आज तिची भुकटी व गोळ्या आपल्याकडील खेड्यांतही येऊन पोहोचल्या आहेत. केमोथेरपी चालू असता रोग्याच्या अंगावरचे मांस उतरते. ही भुकटी दिली की गेलेली शक्ती परत येते, असे विक्रेते सांगतात. अळंबी पिकविणाऱ्या शेतकऱ्यांकडे व बचत गटांकडेही रोग्यांचे नातेवाईक याच आशेने येतात. गावात काम करणाऱ्या कार्यकर्त्यास यावर उत्तर देता आले पाहिजे.

प्रथम ही झीज म्हणजे काय ते समजून घेणे अवश्य आहे. दुष्काळात खंगलेला बैल आणि कर्करोगाने खंगणारा मनुष्य यांत मोठा भेद आहे. बैलास वैरण व पेंड मिळू लागली की तो सावरतो. उपासमारीत शरीर आधी साठविलेली चरबी वापरते आणि स्नायू शक्यतो राखते. कर्करोगात मात्र गाठीमुळे व शरीराने तिच्याशी मांडलेल्या झगड्यामुळे रक्तात दाह उत्पन्न करणारी द्रव्ये वाढतात. त्यांच्या प्रभावाने भूक मरते आणि त्याच वेळी स्नायूंतील प्रथिने मोडून जाऊ लागतात. काही औषधांमुळे ही मोडतोड अधिकच वाढते. म्हणून नुसते अन्न वाढवून ही झीज पूर्णपणे भरून येत नाही. २०११ साली निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञांनी मिळून या अवस्थेची व्याख्या ठरविली. तीनुसार सहा महिन्यांत शरीराचे वजन शेकडा ५ हून अधिक घटले, तर ही झीज सुरू झाली असे समजावे. ५० किलो वजनाच्या माणसाच्या बाबतीत हा आकडा अवघा अडीच किलोंचा आहे. सैल झालेल्या सदऱ्याकडे घरच्यांचे लक्ष जाते तेव्हा ही मर्यादा पुष्कळदा मागे पडलेली असते.

आता अळंबीविषयी. औषधी अळंबीची कीर्ती सर्वस्वी पोकळ आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. जपानी संशोधकांनी दोन अळंब्यांतून शर्करावर्गीय द्रव्ये वेगळी काढली. मोरपिसाऱ्यासारखे पट्टे असलेल्या ट्रॅमेटिस या अळंबीपासून केलेल्या ‘क्रेस्टिन’ या औषधास जपान सरकारने १९७७ साली, आणि शिताके अळंबीतील ‘लेंटिनान’ या द्रव्यास १९८५ साली मान्यता दिली. ही औषधे केमोथेरपीच्या जोडीने, शरीराची प्रतिकारशक्ती वाढावी या हेतूने दिली जात. स्नायू भरावेत म्हणून नव्हे. शिवाय लेंटिनान हे शुद्ध करून शिरेतून टोचावयाचे औषध होते. चहातून घेतलेली चमचाभर भुकटी तेच कार्य करील असे मानण्यास आधार नाही. गॅनोडर्माविषयी पाच चाचण्यांतील ३७३ रोग्यांची माहिती एकत्र तपासून २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. कर्करोगाचा प्रमुख उपचार म्हणून ही अळंबी वापरावी इतका पुरावा मिळत नाही, असा तो होता. काही अळंब्यांच्या अर्कामुळे केमोथेरपी दिलेल्या उंदरांच्या स्नायूंची झीज कमी झाल्याचे प्रयोगशाळांत दिसले आहे. ही गोष्ट आशादायक खरी. परंतु माणसांवरील मोठ्या चाचणीत ती अद्याप सिद्ध झालेली नाही, आणि उंदराच्या पिंजऱ्यापासून रोग्याच्या खाटेपर्यंतची वाट फार लांबची असते.

आपल्या कोकणातही फणसाच्या झाडावर वाढणारी ‘फणसोंबा’ नावाची कठीण बुरशी उगाळून लहान मुलांच्या तोंड येण्यावर देण्याची जुनी चाल आहे. परंतु तोंड येण्यावरील त्या घरगुती उपचारावरून कर्करोगाविषयी कोणतेही अनुमान काढू नये.

अळंबीस अन्न म्हणून मान अवश्य आहे. मात्र तिचा हिशेब नीट मांडावा. शंभर ग्रॅम ताज्या धिंगरीत सुमारे नव्वद ग्रॅम पाणी आणि जेमतेम तीन ग्रॅम प्रथिने असतात. कर्करोग्यास दर किलो वजनामागे रोज एक ग्रॅमहून अधिक, आणि शक्य झाल्यास दीड ग्रॅमपर्यंत प्रथिने मिळावीत, असे आहारतज्ज्ञ सांगतात. म्हणजे ५० किलोंच्या रोग्यास ५० ते ७५ ग्रॅम. एवढी प्रथिने केवळ धिंगरीतून द्यावयाची तर दीड-दोन किलो भाजी रोज खावी लागेल, आणि ज्याला दोन घास जात नाहीत त्याच्या बाबतीत हे बोलणेच व्यर्थ! उलट दोन अंडी, दोन पेले दूध, पन्नास ग्रॅम डाळ, मूठभर शेंगदाणे व दोन भाकऱ्या यांतून पन्नास ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. हे एकदम न देता दिवसातून सहा-सात वेळा थोडे थोडे द्यावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. अंडे पक्के उकडलेले आणि दूध तापविलेले असावे. गाठ उपाशी मरावी म्हणून रोग्याचे दूध, अंडी, डाळ बंद करण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. त्याने गाठ मरत नाही, रोगी तेवढा खंगतो.

अन्नाबरोबर हालचालही हवी. डॉक्टरांची हरकत नसेल तर रोज थोडे चालणे आणि खुर्चीवरून हात न टेकता पाच-दहा वेळा उठणे-बसणे, एवढ्यानेही स्नायूंस काम मिळते. अंथरुणास खिळलेल्याची झीज अधिक वेगाने होते. तोंडातील फोड, मळमळ, बद्धकोष्ठ व वेदना यांमुळे जेवण तुटते; यांपैकी प्रत्येकावर रुग्णालयात इलाज आहे, परंतु रोगी व घरचे पुष्कळदा संकोचाने सांगतच नाहीत. कार्यकर्त्याने दर आठवड्यास एकाच काट्यावर वजन घेऊन ते तारखेसह वहीत टिपावे आणि ती वही पुढील भेटीत डॉक्टरांपुढे ठेवावयास सांगावे. पाय किंवा पोट सुजले असेल तर वजन फसवे असते, हेही ध्यानात असू द्यावे.

भुकटी आधीच चालू असेल तर रोग्यावर रागावू नये. डबा घेऊन डॉक्टरांकडे जावयास सांगावे. गॅनोडर्मामुळे रक्त गोठण्याच्या क्रियेत बाधा येण्याचा संभव असतो, आणि केमोथेरपीत रक्तातील बिंबाणू आधीच घटलेले असतात. भुकटीच्या सेवनानंतर यकृतास गंभीर इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. कच्ची अळंबी रोग्यास देऊ नये. कच्च्या शिताकेमुळे अंगावर चाबकाच्या वळांसारखे चट्टे उठतात. रानातून आणलेली अळंबी तर ओळखीची वाटली तरी टाळावी. भुकटीच्या एका डब्याच्या किमतीत किती दिवसांची अंडी व दूध येईल, हा हिशेब घरच्या बाईपुढे मांडला तर तिला तो इतर कोणापेक्षा लवकर समजतो.

अळंबी-उत्पादकांसाठीही एक गोष्ट महत्त्वाची आहे. १९५४ सालच्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमान्वये कर्करोग बरा होतो अशी औषधाची जाहिरात करणे गुन्हा आहे, आणि ‘कर्करोगावर गुणकारी’ असे पिशवीवर छापणारा बचत गटही या कायद्याच्या कक्षेत येऊ शकतो. पिशवीवर अळंबीचे नाव, वजन, वेष्टनाची तारीख व वापराची मुदत स्पष्ट द्यावी. धिंगरी वाळविताना तिची पडद्यांची बाजू उन्हाकडे करून ठेवल्यास तीत ड जीवनसत्त्व वाढते. वाळलेला माल हवाबंद पिशवीत, ओल लागणार नाही असा ठेवावा, आणि गिऱ्हाइकास तो भाजी व सार करण्यासाठी म्हणूनच विकावा.