सैल वीण, घट्ट पर्स

प्लॅस्टिकचं एक कडं, त्याच्या काठावर उभ्या खुंट्यांची रांग, हातात वाकड्या टोकाचा आकडा आणि लोकरीचा गुंडा. गोल लूमचा संसार एवढाच. या कड्यातून बिनशिवणीची नळी खाली उतरत जाते. टोपीसाठी तिचं एक टोक आवळून घेतात, पर्ससाठी ते सपाट मिटून शिवतात. टोपी सगळेच करतात. लूमची खरी परीक्षा मात्र पर्स घेते, कारण पर्समध्ये किल्ल्या असतात, सुटे पैसे असतात, मोबाइल असतो, आणि सैल विणीला वजन सोसत नाही.

आजचं परिचित लूम २००० नंतरच्या दशकात अमेरिकेत घरोघर पोचलं, त्यात 'निफ्टी निटर' या संचाचा वाटा मोठा. युटा राज्यातली 'प्रोव्हो क्राफ्ट' ही कंपनी तो बनवत असे. संचात चार कडी: निळं २४ खुंट्यांचं, लाल ३१, हिरवं ३६ आणि पिवळं ४१. हीच कंपनी पुढे कागद कापणाऱ्या 'क्रिकट' यंत्रामुळे इतकी ओळखली जाऊ लागली की तिनं यंत्राचंच नाव स्वतःला घेतलं. पर्स करणाऱ्यानं हिरवं किंवा निळं कडं उचलावं. ३१ आणि ४१ हे आकडे विषम. नळी दुमडून पुढची आणि मागची बाजू करायची म्हटली की एक टाका उरतोच. शिवाय दोन सुलट, दोन उलट अशी पट्टीची वीणही त्यावर नीट जुळत नाही.

सुईवर विणताना सगळे टाके एकाच सुईवर दाटीनं बसतात आणि विणणारी एकेकाला उतरवत जाते. लूमवर प्रत्येक टाक्याला स्वतःची खुंटी मिळते. ही युक्ती फार जुन्या घराण्यातली आहे. इंग्लंडमध्ये विल्यम ली यानं १५८९ मध्ये मोजे विणायची चौकट बनवली, तीत प्रत्येक टाक्याला वेगळी सुई होती. ती वीण सपाट होत असे, म्हणून मोज्याला शिवण लागे. १८१६ मध्ये मार्क ब्रुनेलनं गोल विणकाम यंत्राचं पेटंट घेतलं आणि नळी मिळाली. १८४७ मध्ये मॅथ्यू टाउनसेंडच्या सुईला आपोआप उघडझाप करणारी जीभ आली. तिरुप्पूरमध्ये बनियनचं कापड ज्या गोल यंत्रांवर निघतं, त्यांत याच वंशातल्या सुया असतात. घरच्या लूमवर त्या जिभेचं काम माणसाचा हात आकड्यानं करतो.

काम असं चालतं. धागा एका खुंटीला अडकवायचा आणि प्रत्येक खुंटीला मागून पुढे वेढा देत पूर्ण फेरी मारायची. दुसरी फेरी पहिलीच्या वर. मग आकड्यानं खालचा वेढा उचलून वरच्यावरून पलीकडे, खुंटीच्या मागे टाकायचा. सगळ्या खुंट्यांवरून हे झालं की एक ओळ. पुन्हा वेढे, पुन्हा उचल. धागा ताणून वेढे दिले तर खालचा वेढा उचलतच नाही आणि बोटं दुखून येतात. नवशिक्यांची पहिली तक्रार हीच. पर्सचं तोंड करायला एक छान सोय आहे. काही ओळी विणून झाल्या की सुरुवातीची कड आतून वर आणून पुन्हा खुंट्यांवर चढवायची आणि दोन्ही वेढे एकत्र विणायचे. दुहेरी दुमड तयार होते. तिच्यातून दोरी ओवली की पर्सचा सरळ बटवा होतो. दोरीही याच कड्यावर, फक्त तीन-चार खुंट्या वापरून विणता येते.

आता दोषाचं बोलू. निफ्टी निटर संचातल्या दोन खुंट्यांमधलं अंतर अर्ध्या इंचाहून जास्त असतं, आणि विणीचा सैलपणा त्या अंतरानं आधीच ठरवून टाकलेला असतो. सुई बदलून वीण घट्ट करता येते, खुंट्या सरकवता येत नाहीत. त्यामुळे दोन-दोन धागे एकत्र धरावे लागतात, आणि तरीही पेन्सिल बाहेर डोकावतेच. अस्तर लावणं हा एक उपाय. खणाच्या तुकड्याचं अस्तर सुंदर दिसतं, पण बाहेरची वीण खाली लोंबायची ती लोंबतेच.

दुसरा उपाय मला जास्त पटतो, कारण त्यात लूमचा दोषच कामाला येतो. तो म्हणजे फेल्टिंग. मेंढीच्या लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण मिळाली की तंतू एकमेकांत सरकतात, खवले अडकतात आणि परत सुटत नाहीत. लोकरीचा स्वेटर चुकून उकळत्या पाण्यात गेला की घरातल्या धाकट्याला होतो, त्यामागचं कारण हेच. काश्मिरी नमदाही याच गुणावर उभा आहे. फक्त तिथे विणकाम नसतं, पिंजलेली लोकरच दाबून-चोळून जमवतात. विणलेल्या कापडात तंतूंना सरकायला मोकळी जागा हवी, आणि लूमची वीण ती भरपूर देते. घट्ट विणलेलं कापड इतकं छान जमत नाही.

मात्र दुकानात 'लोकर' म्हणून मिळणारा धागा पुष्कळदा अॅक्रिलिक असतो. त्याला खवले नाहीत. तो कितीही उकळा, ढिम्म हलत नाही. मशीनमध्ये धुता यावी म्हणून प्रक्रिया केलेली लोकरही निरुपयोगी. लेबल वाचावं, आणि आधी लहान चौकोन विणून गरम पाण्यात चोळून पाहावा. कापड रुंदीपेक्षा उंचीत जास्त आटतं, म्हणून नळी हवी त्यापेक्षा बरीच उंच विणायची. विणून झाल्यावर ती ओंगळ, लांबुडकी दिसते, घाबरू नये. उशीच्या अभ्र्यात घालून, तोंड बांधून धुण्याच्या मशीनमध्ये गरम पाण्यात फिरवावी, अभ्रा नसेल तर सुटलेले तंतू मशीनच्या गाळणीत बसतात. मधून मधून काढून पाहावं, कारण आटलेलं कापड मागे येत नाही. टाके दिसेनासे झाले की थांबावं. ओली असतानाच आत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं जाड पुस्तक घालून कडा-कोपरे बसवावेत आणि सावलीत वाळू द्यावी. बंद मात्र कातडी किंवा कापडी लावावेत. लूमवर विणलेला बंद फेल्ट केला नाही तर वजनानं ताणतो, आणि बाजार करून घरी येईपर्यंत पर्स गुडघ्याशी आलेली असते.