मोफत नाताळगीते : शब्द कुणाचे, ध्वनिमुद्रण कुणाचे?

नाताळची अनवट गाणी शोधायला सोनईकरांना सातासमुद्रापार जायला नको. त्यांच्याच जिल्ह्याच्या ठिकाणी, अहमदनगरात (आताचे अहिल्यानगर), अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ मध्ये सुरू झाले. त्याच शहरात राहून रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (१८६१-१९१९) टाळ-मृदंगावर गाता येतील असे ख्रिस्ती अभंग आणि भजने लिहिली. अभंगाचा नाताळशी काय संबंध, असे कुणी विचारील. पण सोनई ज्या नेवासे तालुक्यात आहे, तिथेच ज्ञानेश्वरी सांगितली गेली. इथल्या कानाला परकी वाटली तर ‘जिंगल बेल्स’ वाटेल, अभंग नव्हे.

दुसरा आक्षेप असा की, शंभर वर्षांपूर्वीचे गाणे कुठूनही उतरवून घेतले तर बिघडते कुठे? गफलत होते ती इथेच. भारतीय कायद्यात कवीचा हक्क मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. टिळकांच्या शब्दांवरचा तो केव्हाच संपला. ध्वनिमुद्रणाचा हक्क मात्र वेगळा, प्रकाशनापासून ६० वर्षांचा; चाल नवी असेल तर संगीतकाराचा आणखी एक. म्हणून कलाकारांनी स्वखुशीने खुली केलेली गाणीच घ्यावीत. इंटरनेट आर्काइव्ह किंवा बँडकॅम्पवर क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याची खूण पाहावी : ‘बीवाय’ म्हणजे श्रेय द्या, ‘एनसी’ म्हणजे धंद्यासाठी वापरू नका, ‘एनडी’ म्हणजे फेरफार नको, व्हिडिओला जोडणेही त्यातच आले. आणि गावातल्या मंडळींनी टिळकांचे पद स्वतःच्या चालीत मोबाइलवर मुद्रित करून खुले केले, तर त्याहून बिनघोर मोफत गाणे दुसरे नाही.