ब्रह्मपुरीचा पोसायडन

कुरुंद्याहून कोल्हापूर म्हणजे राज्याचं पार दुसरं टोक. तरी अंबाबाईसाठी आपल्या वसमत-हिंगोलीकडची माणसं जातातच. दर्शन, रंकाळा, पन्हाळा, येताना चपला आणि गूळ, असा ठरलेला दौरा. भाऊसिंगजी रोडवरचं टाऊन हॉल म्युझियम त्यात सहसा बसत नाही. ते बसवावं, कारण ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन त्या संग्रहात आहे. कुणा हौशी संस्थानिकाने तो युरोपातून विकत आणलेला नाही, कोल्हापूरच्याच मातीतून निघालेला आहे.

आधी इमारतीबद्दल. टोकदार कमानी, उतरती छपरं, आभाळात घुसणारे मनोरे, सगळा थाट युरोपातल्या मध्ययुगीन चर्चचा. दगड मात्र आपला काळा. 1872 ते 1876 या काळात ती उभी राहिली. आराखडा मेजर चार्ल्स मँट या इंग्रज लष्करी अभियंत्याचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्याचाच. या मँटचं आणखी एक काम इटलीत आहे. कोल्हापूरचे छत्रपती दुसरे राजाराम महाराज युरोपच्या दौऱ्यावरून परतताना 1870 साली फ्लॉरेन्सला वारले, वय अवघं वीस. आर्नो नदीच्या काठी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले आणि तिथे मँटच्याच आराखड्याची छत्री उभी राहिली. इटलीच्या नदीकाठी कोल्हापूरचा राजा आणि पंचगंगेकाठी रोमन साम्राज्यातून आलेला देव, अशी ही फिटंफाट झाली आहे.

पंचगंगेच्या काठावर ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. 1945-46 मध्ये डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. वर बहमनी काळातली वस्ती, खाली सातवाहनांची. ब्रह्मपुरीतल्या वस्तूंसाठीच हे संग्रहालय निघालं आणि 1949 मध्ये टाऊन हॉलमध्ये आलं. पोसायडन ज्या काशाच्या साठ्यात सापडला त्यात भांडी होती, आरसा होता, चार स्वार बसलेला एक सुरेख हत्ती होता. हत्ती इथला. पण एक सुरई आणि पर्सियस-अँड्रोमेडाची कथा कोरलेली चकती या वस्तू उघडच समुद्रापलीकडच्या.

मूर्ती पाहायला गेलेला माणूस आधी जरा हिरमुसतो, कारण ती वीतभरही नाही, जेमतेम तेरा सेंटीमीटर. मग नीट पाहावं. दाढीवाला, भरदार छातीचा उघडा पुरुष, एक हात वर उचललेला. त्या हातात त्रिशूळ असणार. तो कधीच गेला, पकड तेवढी राहिली. तोल असा की शरीराचा भार एका पायावर आणि दुसरा सैल. उभं राहण्याची ही ऐट ग्रीक शिल्पकारांनी घडवली आणि रोमनांनी ती लहानमोठ्या काशाच्या मूर्तींतून जगभर नेली. ही मूर्तीही तशीच, ग्रीक घडणीवरून इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास ओतलेली रोमन प्रत. आपल्याकडच्या देवाला दोनाचे चार हात करून सामर्थ्य दाखवतात, इथे ते सगळं छाती-खांद्यांच्या स्नायूंवर सोडलेलं.

ती आली कशी? मोसमी वाऱ्यांवर इजिप्तहून निघालेली जहाजं सोपारा, चौलसारख्या बंदरांना लागत; तिथून माल घाट चढून वर येई. मूर्ती कुणाची देव्हाऱ्यातली, कुणाची शोभेची, की कुणा तांबटाने वितळवायला घेतलेली मोड, यावर अभ्यासकांचे तर्क चालतात. मला मोडीचा तर्क पटतो. एवढ्या भिन्न वस्तू एकत्र सापडाव्यात याला भक्तीपेक्षा तराजू जास्त जबाबदार असावा. ते काही असो, भट्टीत जायची राहिली म्हणून आपल्याला दिसते.

कुणी म्हणेल, हे पश्चिम महाराष्ट्राचं वैभव, आपल्याला काय त्याचं? तर ग्रीक भाषेतल्या ‘पेरिप्लस’ या खलाशी-व्यापाऱ्याच्या माहितीपुस्तकात आपलं पैठण आहे आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. टॉलेमीच्या भूगोलातही पैठण आहे, राजाच्या नावासकट. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं सरकारी संग्रहालय आहे. तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पाँपेईत सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीची जवळची नातेवाईक. म्हणजे मराठवाडा नुसता माल घेत नव्हता, देतही होता.

टाऊन हॉलमध्ये बाकी शस्त्रं, शिल्पं, आबालाल रहिमान यांची चित्रं असा भरगच्च ऐवज आहे. चित्रांसाठी तर वेगळी फेरी हवी. पण पोसायडनची कथा एवढी मोठी असताना तिच्यासाठी नकाशा, जहाजाची वाट, उत्खननाचा थर दाखवणारं एक स्वतंत्र दालन व्हायलाच हवं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 2023 मध्ये प्राचीन बौद्ध कलेच्या प्रदर्शनासाठी ही मूर्ती मुद्दाम मागवून घेतली होती. अमेरिकेतल्या लोकांनी रांगा लावून जे पाहिलं, ते आपण मंदिरापासून हाकेच्या अंतरावर असूनही न पाहता परततो.

शाळेच्या सहली काढणाऱ्या गुरुजींनी निदान अर्धा दिवस तिकडे द्यावा. म्युझियम सोमवारी बंद असतं, तेवढं पाहून गाडी ठरवावी.